वाऱ्यासाठी राखीव तार

मी तार बोलतेय. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणलेली. पाहुण्यांना मी कपडे वाळत घालायची तार वाटते. त्यांना दोष देत नाही. मला आणलं होतं त्यासाठीच.

सिलतऱ्याच्या कारखान्यात मी तापले, ओढून ओढून बारीक झाले. माझ्या बहिणी कुंपणांना गेल्या. मला पांडुरंगरावांनी घरी आणलं. त्यांची हयात रेल्वेत सिग्नलच्या तारा ताणण्यात गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतरही ताणायला काहीतरी हवंच होतं.

पण त्यांच्या पत्नीनं, विनोदिनीबाईंनी, मला बोटानं छेडलं आणि कान लावला.

"अहो, ही तार मले द्या."

"मग कपडे कुठं वाळू घालू?"

"माझ्या डोक्यावर."

विनोदिनीबाई व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा रोज कशाचं तरी उद्घाटन असे आणि पाहुणे येईपर्यंत बाई वाजवत. पाहुणे उशिरा येत, त्यामुळे रियाज भरपूर झाला. मग अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि व्हायोलिन कपाटावर गेलं. तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं, की हात न लागणारं वाद्य करायचं. वाजवणार वारा, ऐकणार आपण. पुरानी बस्तीतल्या सुताराकडून त्यांनी सागवानी पेटी करून घेतली आणि माझ्या एका टोकाला बसवली. वारा आला की मी थरथरते आणि पेटी घुमते. पहिल्यांदा घुमली तेव्हा बाई रडल्या. मलाही बरं वाटलं.

मग त्यांनी मराठी मंडळातल्या लोकांना ऐकायला बोलावलं. हात गेल्यापासूनची ही पहिलीच मैफल. चांगली साडी नेसून, कठडा धरून, एकेक पायरी चढत त्या वर आल्या. सगळे आले. वारा आला नाही.

मंडळाचे सचिव श्यामकांत हे मदतीला धावणारे गृहस्थ. त्यांनी खालून कूलर उचलून आणला आणि माझ्यासमोर लावला. मी भिजले. पेटीतून कूलरचीच घरघर आली.

"दीदी, आता ऐका!"

"बंद करा तो. मले कूलर नाही ऐकायचा."

पोहे झाले, चहा झाला. निघताना श्यामकांत म्हणाले, "शांतता बहुत छान जमली होती, दीदी."

त्यानंतर बाई गच्चीवर आल्या नाहीत. "माझं वाजवणं संपलं," एवढंच त्या पांडुरंगरावांना म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर बुशकोट वाळत घातला. मग परकर, मग चादरी. ओल्या चादरीखाली तार गात नसते. मी वाट पाहणं सोडलं. हे मी माणसांकडूनच शिकले.

मे महिन्यातल्या एका दुपारी तलावाकडून आंधी आली. पांडुरंगराव कपडे काढायला वर आले. एकेक चिमटा निघाला तशी मी मोकळी होत गेले. शेवटी बाईंची सुती साडी निघाली आणि मी घुमले. ते साडी हातात धरून उभेच राहिले.

"विनोदिनी, वर ये!" त्यांनी हाक मारली. खाली खिडक्या आपटत होत्या, कोणाला ऐकू जाणार? आणि बाई जिना चढेपर्यंत आंधी थोडीच थांबणार होती! त्यांनी खिशातून मोबाईल काढला, घरचाच नंबर लावला आणि पेटीला टेकवून धरला.

"हॅलो? कोण बोलून राहिलं?"

पांडुरंगरावांनी मोबाईल पेटीवर आणखी दाबला. मग मीच बोलले. जेवढं साचलं होतं तेवढं सगळं.

मग फोनमधून आवाज आला. रडवेला होता, पण शिकवणारीचा होता.

"अहो, उन्हानं तार उतरली आहे. ताणा न जराशी."

साडी खांद्यावर टाकून ते पाना आणायला पळाले. त्या वयात त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता आमचे कपडे शेजारच्या कलावतीबाईंच्या गच्चीवर वाळतात. बाई रोज संध्याकाळी वर येऊन खुर्चीत बसतात. वारा आला तर आला. मला गंज चढू लागलाय. पांडुरंगराव तेल लावतात, तरी एक दिवस मी तुटणार. त्याचं दुःख नाही. तुम्ही कधी बुढापाऱ्यात आलात तर वर या, बसा, वारा नसला तरी बसा. फक्त ओला टॉवेल माझ्यावर टाकू नका.