न वाचता जाळायच्या चिठ्ठ्या

पलटणीत मला सगळे भगत म्हणायचे. मी ट्रक चालवायचो आणि किल्ली फिरवण्याआधी देवाचं नाव घ्यायचो, म्हणून. चिडवणाऱ्यांचा मला राग यायचा नाही. ट्रक बंद पडला की हेच लोक 'सांग रे भगत तुझ्या देवाला' म्हणत धक्का मारायला उतरायचे.

माझ्या शेजारच्या खाटेवर सुतार झोपायचा. भरती होण्याआधी तो खरोखरच सुतारकाम करायचा, आणि जाड शिशाची ती चपटी पेन्सिल अजूनही त्याच्या कानावर असायची. देवाधर्माचं त्याला वावडं. पण आघाडीवर निघायचा हुकूम आला तशी त्याची झोप उडाली. एका दुपारी माझ्याबरोबर टायर बदलताना त्याने सांगून टाकलं, की समोर माणूस आला तर आपल्याच्याने चाप ओढवणार नाही. कुणाला बोलू नकोस, म्हणाला.

बोलायचं तर देवाशीच बोल, मी म्हटलं. आमच्या पलटणीचा रिवाज होता. निघायच्या आदल्या दिवशी मनातली जड गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही, आणि प्रार्थनेच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. संध्याकाळी पलटणीचे धर्मगुरू ती पेटी सगळ्यांसमोर आगीत रिकामी करायचे, चिठ्ठ्या न उघडता. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. तीन मोहिमांआधी मी तीन चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि दर वेळी हलका होऊन निघालो होतो. सुताराचं डोकं मी इतकं खाल्लं की शेवटी वैतागून त्याने लिहिलं. संध्याकाळी आग पेटली तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. बरं वाटलं रे, एवढंच म्हणाला. मला आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी मेजरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या होत्या. एका चिठ्ठीवर माझं अक्षर होतं. देवा, आई मला विसरत चालली आहे, मी परत येईपर्यंत तिला माझा चेहरा आठवू दे, असं मी लिहिलं होतं. ते साहेबांच्या चष्म्याखाली पडलं होतं. शेजारच्या खुर्चीत बाबा चहा पीत होते.

"बाबा, मग काल जाळलंत काय?"

"कोरे कागद," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच मऊ होता. "एकाच्या भित्रेपणाने शंभर जण मरू नयेत, म्हणून बघावं लागतं. देव समजून घेतो."

पेटीपाशी लोकांना तूच आणतोस, तेव्हा अक्षरं ओळखशील, असं म्हणून साहेबांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. जाड, चपट्या रेघा. मी गोळी हवेत झाडणार आहे, असं लिहिलं होतं. माहीत नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"देवाला स्मरून सांग, बेटा."

पुढचं माझं मलाच पटत नाही. हा माणूस लबाड आहे हे मला दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं. वर्षानुवर्षं माझ्या मनातलं घेऊन याने ते दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन टाकलं, या विचाराने माझं अंग जळत होतं. तरी देवाला स्मरून म्हटलं की माझी जीभ खरं तेच बोलते, लहानपणापासून. समोर कोण आहे ते ती बघत नाही. सुताराचं अक्षर आहे, असं मी सांगितलं. बाबांनी हात काढला आणि उरलेला चहा संपवला.

दहा वाजता सगळे ट्रकमध्ये चढत असताना दोन शिपाई सुताराला घेऊन आले. त्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतल्या होत्या. खटला चालणार, निदान सात वर्षं आत, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. बाबा रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत येत होते. मी हेल्मेट चढवलं आणि काच वर केली.

सुताराने काचेवर टकटक केली. शिपाई थांबले. काच खाली करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ते चिठ्ठ्या वाचतात," तो म्हणाला. "पण माझं नाव कसं कळलं? तू नाही ना सांगितलंस?"

देवाला स्मरून सांग, असं काही तो म्हणाला नाही.

"नाही," मी म्हटलं.

"वाटलंच मला. तू कशाला सांगशील," तो म्हणाला, आणि सैल बुटांतून पाय ओढत शिपायांच्या पुढे चालायला लागला.