पट्टी दोन बोटं सरकली

मित्रांनो, मी एक जुना हूक आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे जिथे ट्रॉली जोडतात, ती जागा म्हणजे मी. सध्या हॅनोव्हरमधल्या एका कंपनीत, हृषिकेशच्या टेबलामागच्या कपाटावर पडून असतो. माझ्या अंगावर लाल डाग आहे. तो पाहून नाक मुरडू नका, माझं खरं दुखणं त्यानेच दाखवलं.

मला कागदावर आणलं ते हृषिकेशने. सांगलीचा पोरगा, इंजिनिअर होऊन इकडे आलेला. सरळ ओढ लागली तर काय, वळणावर आडवा हिसका बसला तर काय, उतारावर भरलेली ट्रॉली मागून रेटू लागली तर काय, सगळे हिशेब त्याने तीन-तीनदा मांडले. माझ्या कोपऱ्याला टेकू म्हणून एक तिकोनी पट्टी दिली. मी मनातून फार फुशारलो होतो. पण शेवटच्या आठवड्यात ट्रॉलीच्या दिव्यांचा प्लग बसेना, म्हणून त्याने ती पट्टी दोन बोटं सरकवली. हिशेब मात्र पुन्हा केला नाही.

प्रत्येक ड्रॉइंग दुसऱ्या माणसाने तपासून मगच सही करायची, असा कंपनीचा नियम. हा दुसरा माणूस म्हणजे पुण्याचे शिरीषदादा. हृषिकेशला घर त्यांनीच मिळवून दिलं होतं. तो तापाने पडला तेव्हा विभावरीवहिनींनी आठवडाभर खिचडी पाठवली होती. दादांनी कॅन्टीनच्या टेबलावरच सही ठोकली.

"बघा तरी एकदा," हृषिकेश म्हणाला.

"तू केलंयस ना? मग तुझ्यावर काय अविश्वास दाखवू?"

त्या मायेचं मला तेव्हा कौतुक वाटलं. आता वाटत नाही.

माझ्यासारखे आणखी तीस भाऊ बनले. मी एका बागकामवाल्याच्या ट्रॅक्टरला लागलो. दोन वर्षं पालापाचोळा ओढला, खडी ओढली, बर्फावर टाकायचं मीठ ओढलं. पहिल्या दिवशी मालकाने मला थोपटलं होतं. पुढे चिखलाने माखलो, तरी कोणी फडकं फिरवलं नाही. त्या चिखलाखाली मला भेग गेली. दुखत होतं, पण सांगणार कुणाला?

एका शुक्रवारी तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मला घासलं, कुठे भेग आहे का ते बघायला लाल रंग लावून पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. कळवल्याबरोबर हृषिकेश धावत आला. पट्टी जिथून सरकवली होती, नेमकी तिथेच रेघ होती. त्याने तिथूनच दादांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"दादा, सगळे ट्रॅक्टर आत्ताच थांबवायला सांगतो."

"हे बघ, जरा दमानं घे. एकाच हुकाला भेग आहे. आणि त्यावर माझी सही आहे रे, न बघता केलेली. सोमवारी दोघं बसून साहेबांना नीट लिहू. तेवढं माझ्यासाठी थांब."

हृषिकेशला नाही म्हणता आलं नाही.

शनिवारी सकाळी माझा एक भाऊ चढावर तुटला. सुटलेली ट्रॉली उतारावरून जाऊन बस-स्टॉपवर आदळली. तिथलं बाकडं चेपून गेलं. त्यावर बसलेली बाई दोन मिनिटांपूर्वीच बसमध्ये चढली होती.

हृषिकेशने कळताक्षणी साहेबांना फोन केला. पट्टीचं सांगितलं, सहीचं सांगितलं आणि शुक्रवारी आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळे ट्रॅक्टर उभे राहिले. आणखी चौघा भावांना भेगा निघाल्या. हृषिकेश आणि दादा, दोघांनाही कंपनीकडून आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद मिळाली. त्या दिवाळीला दादांच्या घरून बोलावणं आलं नाही. पाडव्याच्या दिवशी हृषिकेश माझ्यासमोर बसून माझ्या भेगेवरून बोट फिरवत होता.

पुढच्या वसंतात नव्या हुकाचं ड्रॉइंग तयार झालं. शिरीषदादा आले, खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि दोन तास एकेक रेघ बोटाखालून घालत राहिले.

"ही पट्टी इथेच का?"

हृषिकेशने हिशेब पुढे केला. दादांनी तो स्वतः पुन्हा मांडला. मग सही करून उठून गेले. घरी जेवायला ये, असं काही म्हणाले नाहीत. तरी हृषिकेशचे डोळे भरून आले.

मित्रांनो, माझ्याने आता काही ओढवत नाही. एवढंच मागतो, आमच्या अंगावरचा चिखल पुसत जा. आणि तुमच्या जिवाभावाच्या माणसाने कागद पुढे ठेवला, तर सहीआधी तो वाचा. त्या चेपलेल्या बाकड्याचा फोटो माझ्याशेजारी भिंतीवर लावलेला आहे. हृषिकेश रोज सकाळी आधी तो बघतो आणि मगच कॉम्प्युटर सुरू करतो.