डिस्पॅचची लाइन

दुपारची जेवणं आटोपली की मालाच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर आणणारी डिस्पॅचची लाइन अडकलीच म्हणून समजा. सत्त्याण्णव साल ते. अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्यात याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की कुणी वैतागतसुद्धा नसे. मालिनीताई दिघे तेवढ्या उठायच्या, मशीन बंद करून परत चालू करायच्या, मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावायच्या आणि कुठला माल पाठवायचा, कुठला थांबवायचा, ते ओळ न् ओळ वाचून पक्कं करून घ्यायच्या. नवरा याच कारखान्यात नोकरीला असताना गेला, त्याच्या जागी त्यांना घेतलं, तेव्हापासून त्यांचं काम हेच. घरी, बदलापूरच्या कात्रपला, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि घरात येणारा पगार हा एकच.

आणि ही लाइन दुरुस्त करायला कंपनीने आणलं कुणाला, तर धर्मराज रोकडेला. तोही बदलापूरचाच, खरवईचा मुलगा, कॉम्प्युटर शिकलेला, कॉन्ट्रॅक्टवर. बदलापूरहून दोघं बरोबरच यायचे. त्याच्या डब्यातलं सुकटाचं कालवण ताईंनी पहिल्याच आठवड्यात मागून घेतलं, आणि वर ‘धर्मा, आईला सांग, तिखट जरा बेतानं घाल’ असं दटावलंही. अख्ख्या ऑफिसात त्याला धर्मा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मॅनेजर कमळाकर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगून ठेवलं होतं. “लाइन सरळ चालली की दिघेबाईंची ती फोनची खोली बंद. बाईंची पोस्ट जाईल, तू पर्मनंट होशील. बाईंना आत्ताच काही बोलू नकोस.” धर्मराज “हो सर” म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून ताईंबरोबर जेवताना तो अर्धा डबा तसाच घरी परत न्यायला लागला.

दुखणं तसं साधंच होतं. कारखान्यातली कॉम्प्युटरची मशीनं आणि मुंबई यांच्यामध्ये एक प्रोग्राम बसलेला. इकडचं ऐकून तिकडे पोचवायचं, तिकडचं ऐकून इकडे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. पण एका बाजूचा बोलून निघून गेला तरी या शहाण्याला पत्ताच नसे. गेलेल्याची वाट बघत हा आपला कनेक्शन धरून बसलेला! अशी मेलेली कनेक्शनं साचत जायची आणि दुपारपर्यंत नव्याला जागाच उरायची नाही.

धर्मराजने सरळ विचार केला. एका बाजूचं संपलं की दोन्हीकडून लाइन तोडायची. झालं! त्या दुपारी लाइन अडकली नाही. ताई सवयीने फोनकडे गेल्या, तर हा ऐटीत म्हणतो कसा, “राहू द्या ताई, आता मशीन सगळं आणतं.”

कसलं सगळं आणतंय! कारखान्याचं मशीन मुंबईला म्हणायचं, ऑर्डरी सांगा, माझं विचारून झालं. ते ‘झालं’ ऐकताच प्रोग्राम लाइन तोडून मोकळा, आणि मुंबई अजून सांगतेच आहे. नेमकी त्या दिवशी शेवटची ओळ गळाली, आणि ती होती, वापीचा माल थांबवा. उल्हासनगरच्या बबनचा ट्रक पिंपं भरून वापीला गेला. गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवला. मुंबईने साहेबांना झापलं, साहेबांनी ताईंना. फोन करून पक्कं करायचं काम कुणाचं? त्यांचं. मग चूकही त्यांचीच.

ताईंनी मेमो घेतला. “माझंच राहिलं असणार,” एवढंच म्हणाल्या. फोन नको असं कुणी सांगितलं, ते त्यांनी साहेबांना सांगितलंच नाही. धर्मराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टेशनच्या वाटेवर त्याने सगळं सांगून टाकलं. “चूक माझ्या प्रोग्रामची आहे, ताई. साहेबांना पटवायचं तर तो नीट करूनच दाखवावा लागेल. आणि नीट केला की...”

“की काय?”

“तुमची खोली बंद होणार.”

ताई जागच्या जागी थांबल्या. पर्स दुसऱ्या खांद्याला घेतली. मग म्हणाल्या, “इतकी वर्षं माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही रे. तू नीट कर. माझी काळजी करू नकोस.”

“नक्की ना?”

“सांगितलं ना एकदा, कर म्हणून!”

त्याने आपली दुरुस्ती काढून टाकली. लाइन पुन्हा अडकू लागली आणि ताई पुन्हा फोनवर. धर्मराज शेजारी बसून ऐकत राहिला. “माझं संपलं, आता तुम्ही बोला,” म्हणून त्या गप्प व्हायच्या, पण रिसीव्हर कानालाच. तिकडचं सगळं ऐकून झालं की “ठेवू?” विचारायच्या, आणि तिकडून “ठेवा” आलं की मगच ठेवायच्या. आपण सगळेच असं करतो, पण लक्ष कोण देतं? धर्मराजने दिलं. ज्याचं बोलून झालं त्याची तेवढीच बाजू मिटायची, त्याचं संपलं हे पलीकडे कळवायचं, आणि पलीकडचंही संपेपर्यंत ऐकत राहायचं. दोघांचं झालं की मग लाइन सोडायची. कुणी न सांगताच उठून गेला, तर थोडी वाट बघून त्याचा नाद सोडायचा. हे लिहिताना त्याला दिवसरात्रीचं भान उरलं नाही. किती दिवसांनी पोटभर जेवला!

चाचणीला साहेब स्वतः येऊन उभे राहिले. आधी त्याने मागची दुरुस्ती चालवून शेवटची ओळ कशी गळते ते दाखवलं, मग नवी चालवली. मुंबईहून आलेली ओळ न् ओळ ताईंनीच फोनवर पडताळून पाहिली. सगळ्या आल्या होत्या. दुपार गेली, संध्याकाळ झाली, एकही कनेक्शन लोंबकळत राहिलं नाही. धर्मराज खुर्चीतून उडालाच. “चाललं! ताई, चाललं!” साहेबांनी त्याची पाठ थोपटली, मेमो फाडला, आणि जाता जाता म्हणाले, “बाई, महिनाअखेरपर्यंत या. मग तुमचं काय ते बघून टाकू.”

साहेब गेले तरी धर्मराज हसतच होता. ताई पर्स आवरत होत्या. चेन अडकली होती, लागेना. तो मदतीला पुढे झाला, तशा त्या एकदम उसळल्या.

“मी कर म्हटलं, आणि तू केलंस!”

“ताई, तुम्हीच तर म्हणालात...”

“हो, मीच म्हणाले! मग काय म्हणणार होते? माझ्यासाठी बिघडलेलंच राहू दे, असं म्हणू? पण तुला एकदा तरी नाही म्हणावंसं वाटलं का रे? इतके दिवस माझ्याच शेजारी बसून लिहीत होतास. एकदा तरी मनात आलं, या बाईचं पुढे काय होईल?”

‘हो, आलं,’ एवढंच तर म्हणायचं होतं. कुणीही म्हटलं असतं. पण धर्मराजला खोटं सुचलंच नाही.

“नाही आलं, ताई,” तो म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “वाटलंच मला,” म्हणाल्या, आणि चेन तशीच उघडी ठेवून एकट्याच गेटकडे निघाल्या. धर्मराज मागून गेला नाही. ताईंना बदलापूरची गाडी मिळून गेली असेल असं वाटेपर्यंत तो त्या खोलीतच बसून राहिला.