पालथ्या बादलीवरचा माणूस

कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर थवाच्या थवा बसला होता, पण खाली एकही उतरेना. घाटावर हिंदुरावांचा मुलगा ओल्या पंच्यात हात जोडून उभा. पिंडांशेजारी बाजरीची भाकरी, ठेचा, खारे शेंगदाणे आणि एका द्रोणात व्हिस्की.

व्हिस्की आमच्या ह्यांनी आणली होती. कुलपातली, पाहुण्यांनाही न दाखवलेली. "माणसाला निरोप द्यायचा तर जरा इज्जतीत द्यावा," म्हणे.

सोजरबाई माझ्या कानाशी लागल्या, "वैनी, ह्ये कशापायी ठिवलं? आमच्या मालकांनी जल्मात व्हिस्की तोंडाला लावली न्हाई."

मला का ठाऊक नव्हतं?

हिंदुराव मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी. धायरीत आमचे शेजारी. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर बैठक भरायची. हे बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, बाकीचे दोघेही तसलेच. व्हिस्की म्हणजे ह्यांना पदवीच वाटायची. पेल्यात पाणी किती घालावं यावर असा खल चालायचा, जणू धरणाचे दरवाजे उघडायचेत. वेताच्या चार खुर्च्या ह्या चौघांच्या. हिंदुराव आपली बिअरची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि टाकीजवळ पालथ्या बादलीवर बसायचे.

"या! घोड्याचं पाणी आलं," हे म्हणायचे.

"आमाला ह्येच ग्वाड लागतंय, सायेब."

"अहो, ही दारू नव्हे. लघवीला जायचं निमित्त आहे."

आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसायचे. हिंदुरावही हसायचे. बैठक मोडली की पदवीधरांना जिना दिसेनासा व्हायचा. ह्यांना खांद्याचा आधार देऊन खाली आणायचे ते हिंदुरावच. खाली आल्यावर "थँक्यू" म्हणायची पद्धत ह्यांच्या बँकेत नसावी.

"पुढची मंडळी खोळंबलीत," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करू या का?"

"नगं," सोजरबाई म्हणाल्या. "खरा शिवल्याबिगर मी हितनं हलायची न्हाई."

मुलानं आईला सांभाळायचं वचन दिलं. बहिणीला दिवाळीला आणीन म्हणाला. झाडावर ढिम्म.

मी ह्यांच्याजवळ गेले. "अहो, बिअर आणा."

"घाटावर बिअर? लोक काय म्हणतील?"

"व्हिस्कीला काय म्हणाले?"

गेले. उपरण्याखाली बाटली लपवून, चोरासारखे परतले. वर्तमानपत्रातच गुंडाळलेली होती. उघडायला काही नव्हतं, म्हणून पायरीच्या कडेवर बूच ठेवून हाणलं. फेस सगळा सदऱ्यावर. हिंदुराव टाकीच्या कडेवर एका फटक्यात उघडायचे.

दुसऱ्या द्रोणात बिअर ओतली. तरी कावळा येईना. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्याकडे पाहून हे पिंडांसमोर उभे राहिले, हात जोडले आणि पुटपुटले, "हिंदुराव, शनिवारी खुर्चीवर बसा."

काहीच नाही.

मग सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या खुर्चीवर. वेताच्या."

एक कावळा उतरला. बिअरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. शेंगदाणा उचलला आणि गेला.

"बिअरला शिवला!" हे मागे वळून म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांची चूक काढली नाही.

शनिवारी मी भजी घेऊन वर गेले. तीन खुर्च्यांवर तिघे, चौथी रिकामी. हे पालथ्या बादलीवर, हातात बिअरचा पेला.

"गोपाळराव, ही खुर्ची कुणासाठी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"बसलेत."

"आणि हे काय? घोड्याचं पाणी?"

"भिकार आहे," हे म्हणाले. प्रत्येक घोटाला एरंडेल घेतल्यासारखं तोंड करत होते. पण पेला संपवला, आणि दुसरा भरला.

बैठक लवकरच मोडली. बाकीचे कठडा धरून उतरले. हे जिन्याच्या तोंडाशी थांबले. नेहमीसारखा उजवा हात बाजूला केला, खांद्याच्या उंचीवर. तो तसाच थोडा वेळ राहिला.

मग त्यांनी कठडा धरला.