लग्नाच्या कॅसेटवरची लाँड्रीवाली

"आई, याच्यात तं तुमचं लग्नच नाही!" उर्वशी लॅपटॉप घेऊन सासूजवळ येऊन बसली. "लग्न पाच मिनिटं दिसते, अन् मंग कोन्ती तरी गोरी बाई लोकायचे कपडे हुंगून राह्यली."

तांदूळ निवडता निवडता मथुराबाईचा हात थांबला. "स्वेटर कोन्त्या रंगाचं हाय तिचं?"

"हिरवं."

"वरचं बटन तुटलेलं?"

"हो. तुमाले कसं माहीत?"

"मिसेस विंटल," मथुराबाई म्हणाली आणि पंचावन्न वर्षांच्या त्या बाईचे डोळे भरून आले.

आता ही भानगड काय, ते ऐका. ढाणकीत धर्मपालचं, म्हणजे मथुराबाईच्या नवऱ्याचं, मंडप, लाऊडस्पीकर आणि किरायाच्या व्हीसीआरचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. लग्नाची तीन तासांची कॅसेट काढलेली, त्याचा गड्याला केवढा तोरा! वर्ष होत नाही तोच रविवारी दुपारी दूरदर्शनवर एक विलायती मालिका लागायला लागली. समुद्राकाठच्या गावातली एक विधवा लाँड्रीवाली. धुवायला आलेल्या कपड्यांवरून खुनी हुडकायची. कॉलर पाही, खिसा उलटा करी, डाग हुंगी. पोलीस आधी तिला हसत आणि शेवटी तिच्याच दारात येऊन उभे राहत. मथुरा बारावी शिकलेली, इंग्रजी अर्धंमुर्धं कळे. पण डाग साऱ्या मुलखात डागच असतो ना! घरातल्या नऊ माणसांचे कपडे तीच धूत होती, आणि आपण करतो त्या कामालाही डोकं लागतं, हे तिला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात धर्मपालच्या बाहीवरची बोरिक पावडर पाहून तिनं ओळखलं, की गडी उमरखेडला सामान आणायला जात नाही, कॅरम कुटत बसतो.

तिनं नवऱ्याला कोरी कॅसेट मागितली. तो हसला. "कपडे धुनाऱ्या बाईसाठी कॅसेट? तुह्यं डोकं फिरलं का वं?"

झालं. पेटली बाई. लग्नाच्या कॅसेटवर दुसरं काही चढू नये म्हणून तिच्या पाठीचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. तिथल्या भोकावर मथुरानं चिकटपट्टी लावली आणि बटन दाबलं. असे सहा रविवार. सातव्या रविवारी त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम लागला. मालिका अर्ध्यातच बंद पडली होती, खुनी मोकाटच राहिला. पुढं केबल आली, व्हीसीआर विकला गेला. लाल फडक्यात बांधलेली कॅसेट ट्रंकेत पडून राहिली. धर्मपाल पाहुण्यांना तिचं कौतुक सांगे, पाहिली मात्र परत कधीच नाही.

आणि आता लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसासाठी लेकानं, विक्कीनं, ती गुपचूप ट्रंकेतून काढली आणि यवतमाळहून पेनड्राइव्हवर उतरवून आणली. उद्या दुपारी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावायची होती. सव्वाशे पाहुणे. बाप्पा!

"बुरशी लागली म्हनून सांगते मी सगळ्यायले," उर्वशी म्हणाली. "नाही तं चुकून झालं म्हनू. तुमी मोबाईलवर निवांत पाहा मंग. इंटरनेटवर मी शोधलं, हे कुठंच नाही."

"चुकून?" मथुराबाई उसळली. "अवं, चिकटपट्टी मी लावली, या हातानं. कपडा खोटं बोलत नाही, हे त्या बाईजवळ शिकली, अन् आता मीच खोटं बोलू? तवा चोरून उतरवलं. आता चोरून पाहनार नाही. लाव उद्या."

मग तिनं तांदळाचं ताट पुन्हा पुढं ओढलं. "फकस्त... सासूबाई होत्या त्याच्यात."

धर्मपालची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. तिचं हलतं चित्र जगात तेवढंच. लोक हसतील त्याचं मथुराबाईला काही नव्हतं, ही एकच गोष्ट मात्र तिला खात होती. उर्वशी चित्र पुढं सरकवून पाहायला लागली तसा तिनं लॅपटॉप बंद केला. "नको. असो का नसो, सांगाचं तं हायेच. आधी पाहून घेतलं तं हिंमत कायची?"

दुसऱ्या दिवशी पडद्यावर कमान आली, बँड आला, पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसलेली मथुरा आली. टाळ्या पडल्या. मग चित्र थरथरलं आणि समुद्र दिसला, सायकल दिसली, हिरवं स्वेटर दिसलं. हॉलमध्ये एकच हशा पिकला. धर्मपालची मोठी बहीण रुक्माबाई खुर्चीतून उठली. "हे काय वं? माही माय कुठं गेली?"

"दुकानवाल्यानं अदलाबदल केली," म्हणत विक्की बंद करायला धावला.

"हात नको लावू," मथुराबाईनं माईक घेतला. "अदलाबदल नाही. मी केलं, जानून केलं."

धर्मपालचा चेहरा उतरला. "काहून? आपल्या लग्नाची कॅसेट होती ते, मथुरे."

"लग्न तं पस्तीस वर्षं चालूच हाये, विक्कीचे बाबा. रोज पाहतो आपन. हे बिचारं सहा भागांत बंद पडलं. जपाचं कोन्तं, तुमीच सांगा! कोरी मांगतली तं तुमी हसले. लग्नात मी तीन घंटे मान खाली घालून बसली. ही बाई मान वर करून पोलिसायले सवाल करते. मले तेच पाहा वाटलं." मग ती रुक्माबाईकडे वळली. "आक्का, मायचं चित्र पुसलं असंल तं मी तुमच्या पाया पडते. पन हिच्यासाठी माफी नाही मांगनार."

धर्मपाल खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करून बसला. मथुराबाई माईकवरून वऱ्हाडीत सांगू लागली, कोण कोणाचा जावई, कोणाच्या खिशात काय सापडलं. काही पाहुणे जेवायला गेले. बाकीचे हलेचनात. "तो डाकवाला लबाड दिसते," तिसऱ्या भागात रुक्माबाई बोलून गेली. चौथ्यात धर्मपालची खुर्ची पुन्हा फिरली होती.

सहावा भाग संपला. मिसेस विंटलनं एक शर्ट उजेडात धरला, आणि तिथंच चित्र पुन्हा थरथरलं. पंगत दिसली. हातात बुंदीची परात घेऊन एक म्हातारी वाढत होती, "घे ना रे, लाजतं कायले," म्हणत होती.

धर्मपाल उभा राहिला. रुक्माबाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारी सगळ्या पंगतीला वाढून झाली, तेव्हा कॅसेट संपली.

मथुराबाईला आता गप्प बसता आलं असतं. सुनेनं सासूला जपून ठेवलं, म्हणून लोकांनी आरती ओवाळली असती. पण ती म्हणाली, "हे मी मुद्दाम नाही ठेवलं. सातवा भाग लागला असता, तं हेही गेलं असतं."

धर्मपालनं डोळे पुसले. मग म्हणाला, "मथुरे, पन खून कोनं केला?"

पस्तीस वर्षांत हे तिला कोणीही विचारलं नव्हतं.

"बसा," मथुराबाई म्हणाली. "शर्टापासून सांगते."