त्रेचाळीस टक्के

प्रयोगशाळेत सगळी तिला ताई म्हणत. बाकीची परीक्षार्थी सतरा-अठराची पोरं, आणि ही एका मुलीची आई. इस्पितळात ती वॉर्डात मदतनीस होती. रोग्यांचे बिछाने बदलायचे, भांडी उचलायची. नर्सिंगला जायचं तर बारावी सायन्स हवी होती, आणि वयाची अट यंदा संपत होती. गेल्या वर्षी प्रॅक्टिकलच्याच दिवशी ती बाळंत झाली आणि वर्ष हुकलं. आता पुन्हा हुकलं तर कायमचंच.

नवरा बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. घरात ती, सासरे आणि चिंगी. चिंगीला आदल्या दिवसापासून ताप होता आणि ती बाटली तोंडाला लावू देत नव्हती. म्हणून सासरे तिला घेऊन प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, पण पोर हातात आली की खांदे आखडून चालायचा.

"तू आत जा. इकडचं मी बघतो," त्यांनी सांगितलं होतं.

प्रश्न तिच्या हातातला होता. दोन पदार्थ मोजून दिलेले, कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट. दोन्ही पाण्यात विरघळवून एकत्र ओतायचे, खाली बसणारा पांढरा साका गाळायचा, धुवायचा, वाळवून वजन करायचं. कुठला पदार्थ आधी संपतो ते काढायचं, कारण तो संपला की साका बनणं थांबतं, दुसरा कितीही उरो. त्याच्यावरून साका जास्तीत जास्त किती मिळायला हवा ते ठरतं. हाती आलेला त्याच्या किती टक्के, तो उतारा.

कॅल्शियम क्लोराइड आधी संपत होतं. साका दोन ग्रॅम यायला हवा होता. एवढं तिने झटक्यात मांडलं.

साका छान पडला. ती तो गाळणीत ओतत असतानाच व्हरांड्यात चिंगीने टाहो फोडला. भुकेचं रडणं कुठलं आणि दुखण्याचं कुठलं हे तिला कळत होतं. हे दोन्ही होतं. तिच्या छातीत कळ आली, ब्लाउज ओला झाला, आणि पदर सावरायला चंचुपात्र टेबलावर ठेवून हात वळवला तसं कोपराने ते आडवं झालं. पांढरं पाणी टेबलावरून पसरत सिंकमध्ये गेलं.

ती नुसती बघत राहिली. मग दोन्ही तळवे आडवे लावून जेवढं अडवता येईल तेवढं अडवायला लागली. पण सिंककडे गेलेलं गेलं.

"दादा, थोडं पुन्हा मिळेल का?" तिने प्रयोगशाळा सहायकाला विचारलं.

"नाही हो ताई. एकाला एकदाच. बाईंना विचारा हवं तर."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जे उरलंय त्यावर करा."

गाळणीत होतं तेवढंच तिने धुतलं. बाहेरचं रडणं आता घोगरं झालं होतं. मधेच थांबायचं, आणि ते थांबणं तिला रडण्याहून वाईट वाटायचं.

शेजारची वेणीवाली मुलगी मान न वळवता पुटपुटली, "ओलंच मोजा ना. पाण्याचं वजन धरून बरोबर येईल."

तिने ओलंच मोजलं. गाळणकागदाचं वजन वजा केलं आणि एक पूर्णांक चौऱ्याऐंशी ग्रॅम आलं. दोनपैकी. म्हणजे ब्याण्णव टक्के. कुणालाही पटेल असा आकडा. तो लिहायचा, कागद द्यायचा आणि धावत बाहेर जाऊन पोरीला छातीशी घ्यायचं. वाळवायला ओव्हनमध्ये ठेवलं तर अर्धा तास तरी जाणार होता, आणि त्यानंतर काय हाती लागणार हे तिला दिसतच होतं.

तिने ब्याण्णव लिहिलं आणि कागद व साक्याची बशी घेऊन बाईंपुढे गेली.

बाईंनी कागद पाहिला, मग तिच्या हातातल्या बशीकडे. "वाळवलंय?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं.

"नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग हे ब्याण्णव कशाचे?"

"निम्मं पाणीच असेल बाई. माझा साका सांडला." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचेना. "बाहेर माझी मुलगी आहे. तापाने फणफणलीय. दूध माझ्याशिवाय घेत नाही. मला बाहेर सोडलंत तर परीक्षा गेली, आणि नाही सोडलंत तर... मला काही कळत नाहीये. तुम्हीच सांगा."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. तिला वाटलं, संपलं सगळं.

"परीक्षार्थीला बाहेर जाता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण मूल काही परीक्षार्थी नाही. बशी ओव्हनमध्ये ठेवा. दादा, त्या पोरीला आत आणा. तराजूच्या खोलीत बसू दे यांना, दार उघडं ठेवून."

तराजूच्या खोलीत, स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून तिने चिंगीला पाजलं. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डावा कान तिच्या दंडाला टेकला की ती किंचाळायची. मग तिने कूस बदलली तेव्हा चिंगी हुंदके देत प्यायली. दाराबाहेर सासरे वहाणा हातात घेऊन उभे होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वाळलेला साका भरला शून्य पूर्णांक शहाऐंशी ग्रॅम. त्रेचाळीस टक्के. तिने ब्याण्णववर रेघ मारली.

"क्लोराइड तेवढंच ठेवून कार्बोनेट दुप्पट घेतलं असतं तर?" बाईंनी तोंडी परीक्षेत विचारलं.

"साका तेवढाच. क्लोराइड आधीच संपलेलं."

"आणि तुमचा उतारा कमी का?"

"मी सांडला म्हणून."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.

तिथून ती आणि सासरे थेट डॉक्टरकडे गेले. कानात पू झाला होता. औषध पोटात गेल्यावर संध्याकाळी चिंगी झोपली, पण ही पाळण्याशी बसून राहिली. नापास झाल्यागतच तिचे दिवस गेले. वॉर्डात चादरी बदलताना ती नर्सेसकडे बघायचीही नाही.

निकालात ती पास होती. उताऱ्याचे गुण शून्य होते, बाकीचे बहुतेक मिळाले होते. आपल्या इस्पितळाच्या कॉलेजला मात्र ते थोडक्यात कमी पडले. जागा मिळाली ती दूरच्या गावच्या लहान कॉलेजात, आणि तिथल्या वसतिगृहात मूल ठेवता येत नव्हतं.

"मग राहू दे," ती सासऱ्यांना म्हणाली. "मला नाही जमायचं."

चिंगी त्यांच्या बनियनचं टोक चघळत होती.

"वसतिगृहात कोण जातंय?" ते म्हणाले. "तिथे एक खोली बघू. मला चहा आणि भात येतो. बाकीचं शिकेन की."

"आणि हे घर?"

"त्याला कुलूप असतं," म्हणत ते माळ्यावरची ट्रंक काढायला उठले.