अर्ध्या गॅलरीतलं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. हसू नका. घोडपदेवच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर माझा जन्म गेला. माझ्यासमोर लोकांनी जेवढं बोलून घेतलंय तेवढं ऐकलंत, तर तुम्हालाही वाचा फुटेल.

एका मोडक्या दाराच्या सागवानी फळ्यांतून सुताराने मला बनवलं. बल्ब बदलायचा, तोरण बांधायचं, माळ्यावरची भांडी काढायची, की "अरे, स्टूल आण रे!" काम झालं की पुन्हा पलंगाखाली. माणसांची रीतच ती. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

मग आमच्या घरच्या लक्ष्मीआजींची सून, सुचित्रा, आजारी पडली. ब्लाऊज शिवायची ती, हात असा की सगळी चाळ तिच्याकडे यायची. आधी एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, मग पाय जड झाले. एमएस निघाला. मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, हितेंद्रला, समजावलं आणि एमआरआयच्या फिल्मवरचे पांढरे डाग दाखवले. संडास गॅलरीच्या टोकाला, तिला एका दमात जाववेना. तेव्हा हितेंद्रने मला उचलून गॅलरीच्या मध्यावर ठेवलं. "इथे टेक जरा, मग पुढे जा," म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाचे आहोत.

डाग दिसत होते तोवर सगळे चांगले वागले, खोटं कशाला सांगू? आजी स्वतः तिच्या पायांना तेल लावायच्या.

पुढे वेगळंच सुरू झालं. संध्याकाळ झाली की तिच्या पाठीची, हातांची आग व्हायची. अंगावरचा कपडा घासला तरी कळवळायची बिचारी. कधी जीभच जड पडायची, शब्द बाहेर यायचा नाही. पुन्हा एमआरआय केला. नवा डाग नाही. रक्तही ठीक. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या, "हे एमएसचं आहे की आणखी कशाचं, मला आत्ता सांगता येत नाही. पण तुमचा त्रास खरा आहे. आपण शोधत राहू." सुचित्राने माझ्यावर बसूनच हे घरी सांगितलं. घरच्यांनी त्यातलं एवढंच उचललं, की काही सापडलं नाही.

"काय गावला नाय, मगे तुका होताहा काय?" आजी विचारायच्या.

"आई, आग होते हो. खरंच होते."

"इतको इचार करू नको गो. मनाचो खेळ असता तो."

हितेंद्र मोबाईलमधून मान वर न काढता म्हणायचा, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना यार. टेन्शन घेतेस तू."

अहो, मी सांगतो ना! ती बसली की माझे पाय फरशीवर टकटक वाजायचे, एवढी थरथरायची ती. पण स्टुलाला कोण विचारतो?

यंदा तिच्यामुळे कुणाला गावी जाता आलं नाही, म्हणून गणपती खोलीतच आणला. आरती झाल्यावर हितेंद्रचे जयवंतकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. एकाने देवाला मोठ्यांदा सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार भरायचा, अशी या मालवणी माणसांची पद्धत. सुचित्रा दाराशी माझ्यावर बसली होती.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या सुनेचा दुखणा तुका ठावक आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता जा काय नसलेला दुखणा तिच्या मनान घेतल्यान हा, ता तिच्या डोक्यातसून काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. हितेंद्रही. काकांच्या मनात वाईट नव्हतं हो, त्यांचे डोळे भरून आले होते. पण तिचं दुखणं नसलेलंच आहे, असं देवासमोर ठरून गेलं. आणि जन्मभराची सवय, सुचित्राच्याही तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा." मग तिने पदर तोंडाला लावला. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

त्या दिवसापासून तिने सांगणंच सोडलं. "कशी आहेस?" "बरी आहे." आगीने जीव जात असला तरी "बरी आहे." घरात आनंदीआनंद! "पावलो गो देव!" आजी मजलाभर सांगत सुटल्या. विसर्जन झाल्यावर त्याच हितेंद्रला म्हणाल्या, "ता स्टूल काढ आता वाटेतला. कोणाच्या तरी पायात येतला."

हितेंद्रने बायकोकडे पाहिलं. "काढू ना गं?"

ती म्हणाली, "काढ."

आता मी माळ्यावर आहे, मखराच्या पुठ्ठ्यांखाली. तिची पावलं मला इथून ऐकू येतात. गॅलरीच्या मध्यावर ती थांबतात आणि कितीतरी वेळ पुढे सरकत नाहीत. कठड्याला धरून उभी असणार. शेजारीण विचारते, "काय गं, थांबलीस?"

"काही नाही गं, खाली बघतेय."

बाबांनो, देवाला आणखी गाऱ्हाणी घालू नका. डाग दिसो न दिसो, मला आधी खाली काढा. ती टेकली की कुणीतरी तिच्याजवळ बसा, आणि ती "बरी आहे" म्हणाली तरी लगेच उठू नका.